बॅग पोचली, असे नोंदवले आहे

विमानप्रवासात बॅग हरवणे आणि बॅगेतले काही चोरीला जाणे या दोन गोष्टी ऐकणाऱ्याला जवळजवळ सारख्याच वाटतात, पण ज्याच्यावर दुसरी ओढवते त्याला त्यांतले अंतर फार लवकर कळते. हरवलेली बॅग ही विमान कंपनीच्या दफ्तरी एक उघडी राहिलेली नोंद असते आणि ती मिटवण्याची कुणाला तरी घाई असते; फोन केला तर टॅगचा क्रमांक विचारतात, दोन दिवसांनी का होईना पण बॅग अमुक विमानतळावर सापडल्याचे सांगतात. चोरी झालेली बॅग मात्र अगदी वेळेवर, हँडलला बांधलेल्या लाल रिबिनीसकट, पट्ट्यावरून आपल्यासमोर येते. कंपनीच्या लेखी तिचा प्रवास सुखरूप संपलेला असतो. तक्रार करणारा माणूस त्यानंतर जे काही सांगतो ते एका मिटलेल्या नोंदीच्या विरुद्ध सांगत असतो, आणि त्याची सगळी दमछाक तिथेच होते.

बॅगा हाताळण्याच्या व्यवस्थेत गेल्या काही वर्षांत खरोखरच सुधारणा झाली आहे, हे मान्य करायला हवे. विमानतळांना माहिती-तंत्रज्ञान पुरवणारी सिटा ही संस्था दरवर्षी आकडे प्रसिद्ध करते. २००७ मध्ये दर हजार प्रवाशांमागे १८.८८ बॅगांची हेळसांड झाली होती, ती २०२३ मध्ये ६.९ पर्यंत खाली आली. जून २०१८ पासून आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, ७५३ क्रमांकाच्या ठरावानुसार सदस्य विमान कंपन्यांनी प्रत्येक बॅगेची चार ठिकाणी नोंद ठेवायची असते : प्रवाशाकडून ताब्यात घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. या चारही नोंदी बॅग कुठे आहे हे सांगतात. ती कुणी उघडली का, हे त्यांतली एकही सांगत नाही. सिटाच्या वर्गवारीतसुद्धा मोडलेली बॅग आणि आतून लुटलेली बॅग एकाच गटात मोजली जाते. चाक निखळणे आणि चोरी होणे हे तिथे शेजारी-शेजारी बसतात. मी बँकेच्या हिशेबतपासणी विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे असा रकाना दिसला की मला तो रचणाऱ्याची सोय आधी दिसते.

आमच्या बाबतीत जे झाले ते मुलीच्या बाळंतपणासाठी ओहायोला जाताना झाले. मोठ्या बॅगांत अळीव, डिंक, सुंठ, मेतकूट असा, चोराने हात लावू नये असाच ऐवज होता. मोलाचे म्हणावे ते पत्नीने केबिन बॅगेत ठेवले होते : चांदीचे वाळे, बिंदल्या, करगोटा आणि वाटी-चमचा. यांतले वाळे तिच्या आजीने सोनाराकडून घडवून घेतलेले. त्या घरातल्या बहुतेक लेकरांच्या पायांत बारशाच्या दिवशी ते चढले होते. हे सगळे तिने जुन्या नऊवारीच्या शिवलेल्या दुपट्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवले आणि मुंबईपासून अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळापर्यंत ती बॅग तिच्या पायाशी किंवा डोक्यावरच्या कप्प्यात होती.

शेवटचा टप्पा लहान विमानाचा होता. अमेरिकेत छोट्या शहरांकडे जाणाऱ्या या विमानांत पन्नास ते पंचाहत्तर माणसे बसतात, आणि वरचे कप्पे इतके अरुंद असतात की जगभर केबिन बॅग म्हणून चालणारी चाकांची बॅग त्यांत जात नाही. मग गेटवरचा कर्मचारी रांगेतच अशा बॅगांना टॅग लावत सुटतो. बहुतेक वेळा त्या बॅगा उतरल्यावर विमानाच्या दाराशीच परत मिळतात, पण आमच्या बाबतीत त्या थेट सामानाच्या पट्ट्यावर येतील असे सांगण्यात आले. पत्नीने "आत काही सामान आहे, ते काढून घेते" असे म्हणेपर्यंत टॅग लागला होता, मागची रांग पुढे सरकत होती आणि तिचे मोडके इंग्रजी ऐकून घ्यायला त्या माणसाला फुरसत नव्हती. मी चार पावले पुढे होतो. तिच्या हातात अर्धे फाडलेले चिटोरे उरले आणि बॅग विमानाकडे जाणाऱ्या उताराच्या टोकाशी इतर बॅगांच्या ओळीत उभी राहिली.

त्या अर्ध्या मिनिटात कायद्याच्या दृष्टीने काय घडले हे मला नंतर वाचताना कळले, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटलेला भाग तोच आहे. आपण रेल्वेने जातो तेव्हा सामान आपल्याजवळ असते, त्याला आपणच बर्थखालच्या कडीला साखळी लावतो आणि रात्री तीनदा उठून ती ओढून पाहतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १०० वे कलम सांगते की पावती देऊन नोंदवून न घेतलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर नाही. जवळ बाळगलेल्या सामानाच्या बाबतीत रेल्वेच्या नोकरांचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन प्रवाशाने सिद्ध केले तरच भरपाईची गोष्ट. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये गाडीत चोरीला गेलेल्या प्रवाशाच्या प्रकरणात हेच धोरण कायम ठेवले : स्वतःच्या वस्तूंचे रक्षण प्रवाशालाच करता आले नाही, तर तो दोष रेल्वेच्या सेवेचा म्हणता येणार नाही. ते कडक वाटले तरी त्यात एक सरळ तर्क आहे. ज्याचा ताबा, त्याची राखण.

विमानाला लागू होणारा १९९९ चा माँट्रिएल करार याच तर्कावर उभा आहे. जवळच्या सामानाला काही झाले तर विमान कंपनीचा दोष दाखवावा लागतो. पण सामान एकदा कंपनीच्या ताब्यात गेले, की कराराच्या १७ व्या कलमाप्रमाणे ते तिच्या ताब्यात असताना नुकसान झाले एवढेच पुरते. निष्काळजीपणा कुणाचा, हे प्रवाशाने सिद्ध करायचे नसते. म्हणजे गेटवरच्या त्या माणसाने टॅग लावला त्या क्षणी राखणीची जबाबदारी पत्नीच्या हातातून निघून कंपनीच्या खांद्यावर गेली होती. मोठी बॅग देताना निदान वजन होते, ते आकड्यात नोंदले जाते, कुलूप असते, आणि मौल्यवान वस्तू असेल तर जादा पैसे भरून तिच्या मूल्याची विशेष घोषणा करण्याची सोय करारातच आहे. गेटवर यातले काहीच होत नाही. बॅगेचे वजन होत नाही, आत काय आहे हे विचारले जात नाही, आणि जवळच राहणार म्हणून कुलूपही बहुधा लावलेले नसते. ज्या सामानाला प्रवाशाने सर्वांत जास्त जपले, नेमके तेच सर्वांत कमी नोंदींनिशी परक्याच्या हाती जाते. प्रवाशाला वस्तू काढून घ्यायला दोन मिनिटे द्यावीत, इतकी साधी गोष्ट एखाद्या नियमात लिहायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेले नाही.

चोरी घरी गेल्यावर उघड झाली. चेन व्यवस्थित लावलेली होती, बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. औषधे, कागदपत्रे, झबली, टोपडी जागच्या जागी होती. दुपटी मात्र घडी मोडून पुन्हा कशीबशी कोंबलेली होती आणि त्यांच्यात काहीच नव्हते. चोराला घाई होती आणि नजरही होती. वाटी-चमचा त्याने नेला हे समजण्यासारखे आहे, पण काळवंडलेले, घुंगरांचे दोन दाणे गळालेले वाळे आणि करगोटाही त्याने सोडला नव्हता. त्याने ते हातावर तोलून पाहिले असणार. पत्नीने त्या रात्री काही बोलण्याआधी सगळी दुपटी गरम पाण्यात टाकली. चांदी गेल्याचे दुःख वेगळे, पण बाळाच्या अंगाखाली जायच्या कापडाला कुणा परक्याचा हात लागून गेला, हे तिला जास्त बोचले. आणि चोरीच्या कुठल्याही अर्जात या गोष्टीला जागा नसते.

तक्रार मात्र ताबडतोब करावी लागते. करारातले ३१ वे कलम म्हणते की नोंदवलेले सामान प्रवाशाने तक्रार न करता स्वीकारले, तर ते चांगल्या स्थितीत मिळाले असे प्रथमदर्शनी मानले जाईल. नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत गेली पाहिजे आणि दावा न्यायालयात न्यायचा तर दोन वर्षांची मुदत आहे. उशिरा आलेल्या बॅगेसाठी तक्रारीची मुदत एकवीस दिवसांची, म्हणजे तिप्पट. बॅग विमानतळावरच उघडून पाहावी आणि तिथेच पीआयआर, म्हणजे प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, भरून घ्यावा असे सगळेच सांगतात. वीस-बावीस तास प्रवास केलेली, व्हीलचेअर मागवावी की नाही अशा वयाची माणसे पट्ट्याशेजारच्या फरशीवर बॅगा उपसून बसतील, ही अपेक्षा कुठल्या तरी कार्यालयात बसून केलेली असावी. आम्ही मुदतीत लेखी कळवले, जावयाने इंग्रजी मसुदा केला, मी त्यात कलमे घातली.

पहिले उत्तर आले ते असे : चोरी नेमकी कुठे झाली ते कृपया कळवावे. आम्हाला मुंबईहून घेऊन गेलेल्या कंपनीचे म्हणणे, ती बॅग आम्ही ताब्यात घेतलीच नव्हती. लहान विमानाच्या कंपनीचे म्हणणे, तिकीट आम्ही दिलेले नाही. विमानतळावर सामान चढवणारी माणसे तिसऱ्याच कंत्राटदाराची होती, आणि सुरक्षा तपासणी करणारे सरकारी खाते चौथे. त्या खात्याकडे दावा करायचा तर अर्जाचा नमुनाच निराळा. सामानातली चोरी ही ठिकाण नसलेली चोरी असते. घर फोडले तर घर असते, खिसा कापला तर निदान बस कुठली ते माहीत असते. इथे बॅग कित्येक हातांतून आणि कित्येक मैलांतून गेलेली असते आणि प्रत्येक हात आपल्या शेजारच्या हाताकडे बोट दाखवतो.

गंमत अशी, की करार लिहिणाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. ३६ व्या कलमात त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे की एकामागून एक अनेक कंपन्यांनी प्रवास घडवला असेल, तर सामानाच्या बाबतीत प्रवासी पहिल्या कंपनीवर, शेवटच्या कंपनीवर आणि ज्या टप्प्यात नुकसान झाले त्या कंपनीवर दावा करू शकतो, आणि या सगळ्यांची जबाबदारी एकत्रितही आहे व स्वतंत्रही. ठिकाण सांगण्याचे ओझे प्रवाशावर टाकू नये, यासाठीच ही तरतूद आहे. मी ती पुढच्या पत्रात उतरवून पाठवली. कायदा इतका शहाणा आणि त्याच्याच बळावर चालणारा काउंटर इतका भोळा, हा विरोधाभास मी आयुष्यभर बँकेतही पाहिला आहे, फक्त पलीकडच्या बाजूने.

मग किमतीचा प्रश्न आला. खरेदीच्या पावत्या जोडा, वस्तू किती वर्षे वापरली ते लिहा, म्हणजे घसारा काढता येईल. आजीने गावच्या सोनाराकडून करून घेतलेल्या वाळ्यांची पावती कुठून आणायची? मी वापराच्या रकान्यात अंदाजे नव्वद वर्षे असे लिहिले, त्यावर चांदीला घसारा लागत नाही अशी पुस्ती जोडली आणि जुन्या बारशांचे फोटो लावले, ज्यांत आधी माझी मेहुणी आणि पुढे माझी मुलगी तेच वाळे घालून रडत आहेत.

भरपाई मोजण्याचा इतिहास या निमित्ताने चाळला तेव्हा एक विलक्षण गोष्ट हाती लागली. १९२९ च्या वॉर्सा करारात नोंदवलेल्या सामानासाठी किलोमागे २५० फ्रँक अशी मर्यादा होती, आणि तो फ्रँक सोन्यात बांधलेला होता : ९०० शुद्धतेचे साडेपासष्ट मिलिग्रॅम सोने म्हणजे एक फ्रँक. हिशेब केला तर किलोमागे जवळपास पावणेपंधरा ग्रॅम शुद्ध सोने होते, म्हणजे आजच्या २३ किलोच्या बॅगेला एकोणतीस तोळे! सोन्याचे भाव मोकळे झाल्यावर हे गणित अर्थातच कुणाला झेपणारे नव्हते, आणि किलोमागे सुमारे वीस डॉलर असा हिशेब बराच काळ चालला. त्या रिवाजाने आमच्या चांदीला ती जेवढी जड होती तेवढ्याचेच पैसे मिळाले असते. चोरानेही ती वजनावरच विकली असणार, तेव्हा त्याचे आणि त्या कराराचे निदान मापाबद्दल एकमत होते म्हणायचे. माँट्रिएल कराराने किलो सोडून दर प्रवाशामागे मर्यादा घातली. ती डॉलर किंवा रुपयांत नसून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष आहरण अधिकारांत, म्हणजे पाच प्रमुख चलनांच्या मिश्रणात मोजतात. सुरुवातीला ती १,००० होती, २८ डिसेंबर २०१९ पासून १,२८८ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर झाली. भारत २००९ मध्ये या करारात सामील झाला, त्यामुळे आपल्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला तो लागू होतो. देशांतर्गत प्रवासासाठी मात्र आपल्याकडे २०१४ च्या अधिसूचनेप्रमाणे दर प्रवाशामागे २०,००० रुपयांचीच मर्यादा आहे. मुंबईहून नागपूरला लग्नाला निघालेल्या कुटुंबाच्या एखाद्या बॅगेतल्या पैठण्यांचीच किंमत त्याहून अधिक असते.

तिथल्या महाराष्ट्र मंडळात भारतातून आलेल्या आईवडिलांची एक बैठक भरते. आमची हकीकत कळल्यावर तिथे प्रत्येकाकडून एकेक चोरी बाहेर पडली : भाच्यासाठी घेतलेला मोबाईल, अत्तराच्या बाटल्या, कुणाची गोव्याहून आणलेली काजूची पाकिटेसुद्धा. आणि त्यामागोमाग सल्ले. चांदी न्यायचीच कशाला, अंगावर घालून जायची, पोस्टाने पाठवायची, बॅगेला सुतळी गुंडाळायची. चोरी झालेल्या माणसाला सल्ला देताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समाधान असते, कारण आपण असे केले नसते म्हणून आपल्याला हे झाले नसते, अशी त्याची त्या क्षणापुरती खात्री पटलेली असते. पत्नीने तिथे पुन्हा यायचे नाही असे ठरवले, आणि मीही आग्रह केला नाही.

कुलपाच्या सल्ल्याबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण त्यावर लोकांचा भलताच विश्वास असतो. बहुतेक बॅगांच्या चेनी प्लास्टिकच्या वेटोळ्यांच्या असतात. त्यांत साध्या बॉलपेनचे टोक खुपसले की दात उकलतात, आणि काम झाल्यावर कुलपासकट दोन्ही खिट्ट्या एकदा पुढेमागे ओढल्या की चेन पुन्हा मिटते. कुलूप शाबूत राहते, मालकाला वाटते बॅगही शाबूत आहे. अमेरिकेत सुरक्षा तपासणीच्या वेळी कुलूप न तोडता उघडता यावे म्हणून सरकारमान्य कुलपे निघाली, ज्यांच्या सर्वकिल्ल्या तपासनिसांकडे असतात. २०१४ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राने विमानतळावरच्या सामानाविषयी लेख छापताना त्या किल्ल्यांच्या जुडग्याचा स्पष्ट फोटो छापला, आणि पुढच्या वर्षी त्यावरून त्रिमिती छपाईयंत्रावर तशाच किल्ल्या कुणालाही करता येतील अशा फायली इंटरनेटवर आल्या. तपासनीस स्वतः धुतल्या तांदळासारखे असतात असेही नाही. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क विमानतळावरचा असाच एक सुरक्षा कर्मचारी २००८ मध्ये सापडला, तो वर्षानुवर्षे प्रवाशांच्या वस्तू लंपास करून ईबेवर विकत होता. एका वृत्तवाहिनीचा महागडा कॅमेरा त्याने वाहिनीच्या चिकटपट्ट्या पुरत्या न काढताच विक्रीला लावला आणि त्यामुळे पकडला गेला. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

तरीही संशय पहिल्यांदा जातो तो सामान चढवणाऱ्या लोडरवर, आणि मला तो प्रश्न इतका सरळ वाटत नाही. लोडरांच्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या दिल्ली-मुंबईतूनही अधूनमधून येतात, हे खरे. लहान आणि मध्यम विमानांच्या पोटात बॅगा सुट्ट्याच रचतात. तिथे धड उभे राहता येत नाही, माणूस गुडघ्यांवर वाकून एकेक बॅग आत ओढत असतो, आणि पट्ट्यांपासून धावपट्टीपर्यंत सगळीकडे कॅमेरे असले तरी त्या अंधाऱ्या पोटात बहुधा कुणाची नजर नसते. चोरीला लागणारा एकांत तिथे मिळतो. पण त्याच पोटात, त्याच कंत्राटी पगारावर, उन्हापावसात दिवसाला शेकडो बॅगा उचलून एकाही चेनीला हात न लावणारी माणसे कितीतरी अधिक आहेत, आणि पाळी संपल्यावर दारावर अंगझडती त्यांचीही होते. गेटवर टॅग लावून मोकळा होणारा माणूस, सात दिवसांची मुदत ठरवणारा आणि पत्राला पत्र टोलवणारा कारकून यांची झडती कुणी घेत नाही. माझा राग चोरावर आहेच, पण तो कोण ते मला कधीच कळणार नाही. या बाकीच्यांचे पत्ते मात्र माझ्याकडे आहेत.

बऱ्याच महिन्यांनी, आम्ही भारतात परतल्यावर, लहान विमानाच्या कंपनीने एक रक्कम पाठवली. चांदीच्या त्या दिवसाच्या भावाने वाटी-चमच्याचे पैसे त्यात होते, वाळ्यांचे निम्मे, आणि करगोट्याचा उल्लेखच नव्हता. सोबतच्या पत्रात लिहिले होते की कंपनी कोणतीही जबाबदारी मान्य करत नसून केवळ सदिच्छेपोटी ही रक्कम देत आहे. मी रक्कम ठेवून घेतली आणि उलट टपाली कळवले की १७ व्या कलमाखाली भरपाई देण्यासाठी सदिच्छेची आवश्यकता नाही, आणि करगोट्याचा हिशेब बाकी आहे. त्या पत्राला उत्तर आलेले नाही. दोन वर्षांची मुदत संपायला अजून थोडा अवधी आहे, म्हणून दुसऱ्या स्मरणपत्राचा मसुदा मी करून ठेवला आहे.